'बरे होणे' आणि 'बरे वाटणे' : मराठी व्याधिकथनांची भाषा

१

जुनाट व्याधीने ग्रासलेल्या व्यक्तींनी आपल्या दुखण्याविषयी स्वतः लिहिलेली पुस्तके मराठीत गेल्या काही दशकांत बरीच प्रसिद्ध झाली. सामान्य वाचकाने त्यांचे मनापासून स्वागत केले. वाङ्मयीन समीक्षेने मात्र त्यांची दखल 'प्रेरणादायी' या एका विशेषणापलीकडे जाऊन क्वचितच घेतली आहे. अशा पुस्तकाचे परीक्षण बहुधा एका ठरावीक वाक्याने संपते : लेखकाने, किंवा लेखिकेने, रोगावर मात केली. या वाक्यात गौरवाची भावना आहे, आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ते वाक्य ज्या पुस्तकांना लावले जाते, त्यांच्या आशयाशी ते जुळते काय, याची तपासणी होणे आवश्यक आहे.

'मात' हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरचा. राजाला शह बसला आणि त्याला हलण्यास जागा उरली नाही की मात होते. डाव तेथेच संपतो. जुनाट व्याधीच्या बाबतीत नेमके हेच घडत नाही. मधुमेह, दमा, हृदयरोग, मूत्रपिंडाचा विकार, मज्जारज्जूची इजा यांपैकी कशाचाही डाव संपत नाही. तो रोज मांडावा लागतो. ज्याने दहा वर्षे नियमाने औषध घेतले त्यालाही अकराव्या वर्षी ते घ्यावेच लागते. तेव्हा 'मात केली' हे पूर्ण क्रियेचे वाक्य एका अपूर्ण क्रियेला लावले जात आहे, हा पहिला आक्षेप व्याकरणाचाच ठरतो. पण तो केवळ व्याकरणाचा राहत नाही. मात करणे हीच जर प्रतिष्ठेची कसोटी मानली, तर ज्यांची व्याधी हटत नाही अशी असंख्य माणसे आपोआप पराभूतांच्या रांगेत जाऊन बसतात. त्यांच्या जगण्यातील गोडीला मग वाङ्मयात नावच उरत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी भाषेने 'बरे होणे' आणि 'बरे वाटणे' या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या आहेत; मराठीतील चांगल्या व्याधिकथनांचे सामर्थ्य दुसऱ्या प्रयोगात आहे; आणि समीक्षा ती पुस्तके पहिल्या प्रयोगात वाचीत आल्यामुळे त्यांचे खरे मोल तिच्या हातून निसटले आहे.

२

प्रथम भाषेची साक्ष पाहणे उचित होईल. मराठीत रोग सामान्यतः माणसाला 'होतो', 'जडतो', 'लागतो'. ताप 'येतो' आणि 'उतरतो'. या सर्व वाक्यांत कर्तेपण रोगाकडे असते व माणूस चतुर्थीत उभा असतो : त्याला दमा आहे, तिला ताप आला. संस्कृत वळणाची 'मधुमेही', 'क्षयरोगी' ही नामे घेतली तर चित्र थोडे पालटते. येथे माणूस रोगाचा धारक ठरतो. तिसरा प्रकार देशी घडणीचा असून तो विशेष मननीय आहे. दमा असणाऱ्यास मराठी 'दमेकरी' म्हणते, दीर्घकाळ आजारी असणाऱ्यास 'दुखणेकरी' म्हणते. हा 'करी' तोच, जो शेतकरी, वारकरी, माळकरी, टाळकरी, कष्टकरी या शब्दांत आहे. नित्यनेमाने एखादी गोष्ट करणारा, तिच्यात आयुष्य गुंतलेला, असा त्याचा भाव. 'दमेकरी' या शब्दात करुणा थोडी आणि किंचित चेष्टाही असू शकते. पण त्याच्या रचनेतून एक गोष्ट सूचित होते ती ही की, जुनाट दुखणे हा नुसता भोग नसून तो एक व्यवसाय आहे. त्याला कसब लागते, वेळ लागतो, सराव लागतो. चतुर्थीतील भोक्ता, धारक आणि 'करी' अशा तीन भूमिका भाषेने अशा प्रकारे पुरविल्या आहेत.

आता 'बरे' या शब्दाकडे वळू. 'तो बरा झाला', 'ती बरी झाली' या वाक्यांत 'बरा' हे विशेषण कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. ती संपूर्ण माणसाची अवस्था आहे आणि क्रिया पूर्ण झालेली आहे. 'त्याला बरे वाटते', 'तिला बरे वाटते' या वाक्यांत 'बरे' नपुंसकलिंगी व अविचल राहते, माणूस चतुर्थीत जातो आणि क्रियापद आतल्या जाणिवेचे असते. पहिल्या वाक्याची ग्वाही वैद्य देऊ शकतो. दुसऱ्याची ग्वाही ज्याला वाटते त्यानेच द्यावयाची असते. ज्याची व्याधी हटणारी नाही, तो 'मी बरा झालो' असे म्हणू शकत नाही. पण 'आज मला बरे वाटते' असे तो म्हणू शकतो, आणि त्यात अतिशयोक्ती किंवा आत्मवंचना असतेच असे नाही. 'आज' हा शब्द त्या वाक्यात सहजगत्या येतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

शालेय व्याकरणात भावकर्तृक क्रियापदांची जी उदाहरणे दिली जातात, त्यांत 'उजाडते', 'सांजावते' यांच्याच पंक्तीला 'मळमळते' हे क्रियापद बसलेले असते. ज्या क्रियांना वेगळा कर्ता दाखविता येत नाही, त्यांचा हा वर्ग. दिवस उगवणे आणि पोटात ढवळणे या दोहोंना मराठीने एकाच कोष्टकात घातले. दोन्ही माणसाच्या इच्छेवाचून घडतात. दीर्घ आजाराच्या लेखनात उजाडण्याला जे महत्त्व येते, रात्र सरून खिडकीत उजेड दिसला याचीच नोंद जी पुनःपुन्हा होते, तिचा अर्थ या वर्गीकरणाच्या प्रकाशात अधिक चांगला कळतो. ज्याच्या शरीरात न मागता पुष्कळ काही घडते, त्याला न मागता घडणाऱ्या दुसऱ्या गोष्टीही इतरांपेक्षा स्पष्ट दिसू लागतात.

पुस्तकी भाषेत हा भेद विश्लेषणाने दाखवावा लागतो. बोलीत तो रोजच्या वापरातला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या गारगोटीत वेदगंगेच्या खोऱ्यातील गावांची माणसे बाजाराला, कचेरीला, दवाखान्याला येतात. भेटीच्या आरंभी 'बरं हाय न्हवं?' अशी पृच्छा होते. उत्तरादाखल 'बरं हाय' किंवा 'चाललंय' असे म्हटले जाते. ज्याचे दुखणे गावाला ठाऊक आहे, त्यालाही हाच प्रश्न विचारतात व तोही हेच उत्तर देतो. यात खोटे कोणी बोलत नाही, कारण प्रश्न रोग गेला काय हा नसतोच. 'चाललंय' हे अपूर्ण वर्तमान आहे : क्रिया सुरू आहे, तिचा शेवट सांगितलेला नाही, सांगण्याची गरजही नाही. जुनाट व्याधीचे व्याकरण याहून नेमकेपणाने सांगणे कठीण. अंथरूण धरलेल्या माणसाविषयी मात्र 'हातरूण धरलंय' असे वेगळे बोलले जाते. म्हणजे चालणे आणि पडून असणे हा भेद बोली पाळते. रोगी आणि निरोगी हा भेद तितक्या काटेकोरपणे पाळीत नाही.

३

एकोणिसाव्या शतकातील व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी लेखनात व्याधी विपुल होती, व्याधिकथन मात्र नव्हते. गोपाळ गणेश आगरकर हे दमेकरी होते. १८८८ साली 'सुधारक' सुरू करून त्यांनी जे लेखन केले, ते श्वासाच्या विकाराची सोबत असतानाच केले, आणि १८९५ साली, वयाची चाळिशीही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या गद्यातील आवेश पाहता त्यामागे धाप लागणारी छाती आहे हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले गेले, तेव्हा इन्शुलिनचा शोध लागण्यास अद्याप दहा वर्षे अवकाश होता आणि पथ्य हाच मुख्य उपचार होता. त्या ग्रंथात कर्मयोगाचे विवेचन आहे. कर्म करणाऱ्याच्या शरीराचा वृत्तान्त नाही. वि. स. खांडेकरांनी १९३८ पासून कोल्हापुरात वास्तव्य केले. त्यांची प्रकृती आयुष्यभर नाजूक राहिली, आणि उतारवयात दृष्टी गेल्यावरही त्यांनी लेखनिकाच्या साहाय्याने काम चालू ठेवले. त्यांच्या ललित लेखनात दुःखाचे चिंतन उदंड आहे, परंतु ते दुःख बहुतांशी नैतिक आणि सामाजिक स्वरूपाचे.

या मौनाला संकोच म्हणणे अपुरे ठरेल. कार्य हे पुढे आणि शरीर हे मागे, अशी त्या पिढ्यांची मूल्यव्यवस्था होती. बाबा आमटे यांच्या उदाहरणात या व्यवस्थेचा बदल दिसू लागतो. मणक्याच्या विकारामुळे त्यांना फार वेळ बसणे अशक्य झाले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच पर्याय उरले. १९८५-८६ मधील कन्याकुमारी ते काश्मीर या 'भारत जोडो' यात्रेत ते वाहनात आडवे पडून प्रवास करीत होते. लोकांनी याचे वर्णन विकारावर विजय असे केले. वस्तुतः तेथे विजय कोठेच नव्हता. मणका जसा होता तसाच होता; प्रवासाची पद्धत मणक्याला मानवेल अशी बदलली होती. व्याधीला वगळून कार्य झाले नाही, तिला जागा करून देऊन झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर आलेल्या व्याधिकथनांची पूर्वतयारी या दृष्टिबदलात शोधता येते.

४

या प्रकारातील सर्वांत अधिक वाचले गेलेले पुस्तक म्हणजे डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' (२०००). लेखक वैद्यकशास्त्राचे पदवीधर. डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था उभारून त्यांनी तेथील बालमृत्यूंसंबंधी केलेले संशोधन आंतरराष्ट्रीय मान्यता पावलेले. चाळिशीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि लोकांच्या आरोग्याचा अभ्यासक स्वतःच अभ्यासविषय झाला.

पुस्तकाचे शीर्षक तीन शब्दांचे असून तिन्ही शब्द विचारपूर्वक वाचावे लागतात. 'माझा' या षष्ठीने चतुर्थीतील भोक्ता स्वामी होतो : मला झालेला रोग नव्हे, माझा रोग. 'साक्षात्कारी' हे विशेषण परंपरेने पुरुषाला किंवा संताला लागते. येथे ते रोगाला लावले आहे, त्यामुळे ज्ञान देण्याचे सामर्थ्य रोगाकडे जाते. आणि 'हृदयरोग' हा शब्द वैद्यकाच्या परिभाषेतील असला तरी 'हृदय' या शब्दाचा मराठीतील भावार्थ त्यातून पुसला जात नाही. शरीराचा पंप आणि मनाचे आसन असे दोन्ही अर्थ पुस्तकभर एकमेकांत मिसळत राहतात. आहार, व्यायाम, योगासने, ध्यान, ताण, नातेसंबंध, मृत्यूचे भय या विषयांतून लेखक जातो. आणि वाचकाच्या लक्षात हळूहळू येते की हे हृदयाच्या धमन्यांचे पुस्तक असून शिवाय दिवस कसा घालवावा याचे पुस्तक आहे.

या पुस्तकाचे यश 'पथ्य' या संकल्पनेला त्याने दिलेल्या नव्या अर्थात आहे. पथ्य म्हणजे पथाला, मार्गाला, अनुकूल असलेले. नित्याच्या बोलण्यात या शब्दाला वर्ज्य करण्याचा, जिभेवरच्या निर्बंधाचा वास येतो. तथापि 'पथ्यावर पडणे' हा वाक्प्रचार पाहिला तर त्याचा अर्थ नेमका उलट, लाभदायक ठरणे, असा आहे. बंग यांच्या कथनात पथ्य निर्बंधाकडून लाभाकडे सरकते. चालणे हे औषध म्हणून सुरू होते. पुढे त्यात पहाट दिसू लागते. व्याकरणात ज्यास रीतिवर्तमान म्हणतात, 'मी रोज फिरावयास जात असतो' या प्रकारचा प्रयोग, तो या पुस्तकाचा खरा काळ होय. झटका ही एका क्षणाची गोष्ट; आस्वाद हा रीतीत आहे.

त्याची मर्यादाही येथेच आहे. ज्याला साक्षात्कार होतो त्याने काही शिकावयाचे राहिलेले असते, असा अर्थ त्या शब्दात अनुस्यूत असतो. हृदयरोगाच्या बाबतीत राहणीचा वाटा मोठा असल्याने ही मांडणी बऱ्याच अंशी टिकते. परंतु सर्व व्याधी राहणीतून उद्भवत नाहीत. ज्या बालकाला जन्मतः रक्ताचा विकार आहे, किंवा ज्या प्रौढाचे सांधे कारण न कळता आखडले, त्यांच्या रोगाने त्यांना कोणता धडा द्यावयाचा होता? रोग हा गुरू मानला की शिष्याची चूक गृहीत धरण्याचा मोह होतो. आणि तेथून रोग हे पूर्वकर्माचे फळ या जुन्या समजुतीपर्यंतचे अंतर फारसे लांब नाही. लेखकाचा तसा हेतू नाही, हे पुस्तक वाचताना स्पष्ट दिसते. पण अनुकरण करणाऱ्या पुस्तकांत आणि व्याख्यानांत हा धोका वारंवार संभवतो. शिवाय रोज फिरण्यास, ध्यानास, निवडून जेवण्यास जो अवकाश लागतो तो पेरणी-कापणीच्या मजुरीवर जगणाऱ्या दुखणेकऱ्यापाशी असतोच असे नाही. याचा विचार समीक्षेने करावयास हवा.

५

पद्मजा फाटक यांचे 'हसरी किडनी अर्थात अठरा अक्षौहिणी' हे पुस्तक वेगळ्या वळणाचे आहे. फाटक (निधन २०१४) या ललितलेखिका म्हणून आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांमुळे महाराष्ट्रास परिचित होत्या. मूत्रपिंडाचा विकार आणि त्याचे प्रत्यारोपण हा या पुस्तकाचा अनुभवविषय.

येथेही विशेषण रोगाच्या बाजूला गेले आहे, पण त्याची जात निराळी. 'साक्षात्कारी' हे संस्कृत व भारदस्त. 'हसरी' हे घरगुती, लहान मुलीला लावावे असे. आणि विशेष्य आहे 'किडनी'. 'मूत्रपिंड' हा नपुंसकलिंगी पारिभाषिक शब्द दूर ठेवून इंग्रजीतून आलेला, परंतु मराठीने स्त्रीलिंगी करून घरात घेतलेला शब्द लेखिकेने निवडला. परक्या शब्दाला लिंग देऊन आपला करून घेणे ही भाषेची नित्याची प्रक्रिया आहे. परक्या अवयवाला शरीराने आपले म्हणावे, ही प्रत्यारोपणाची इच्छा तिच्याशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. उपशीर्षकातील 'अठरा अक्षौहिणी' हे महाभारतीय युद्धाचे सैन्यबळ : कौरवांचे अकरा, पांडवांचे सात. मुठीएवढ्या अवयवासाठी एवढी सेना उभी करणे हा उघड विनोद आहे. रोगाशी युद्ध हे जे रूपक इतरत्र गंभीरपणे वापरले जाते, त्याला येथे इतके फुगविले आहे की ते स्वतःच हास्यास्पद होते. आणि त्या युद्धात जिंकणाऱ्यांच्या हाती काय उरले, हे मराठी वाचकास वेगळे सांगावे लागत नाही.

या विनोदाला वैद्यकीय वस्तुस्थितीचा आधार आहे. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तशुद्धीसाठी सामान्यतः आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास, यंत्राला जोडून घ्यावे लागते. प्रत्यारोपण यशस्वी झाले तर यंत्र सुटते. पण शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू ठेवावी लागतात, आणि त्यामुळे जंतुसंसर्गाची धास्ती कायम राहते. लोक ज्याला 'किडनी बदलली आणि बरे झाले' म्हणतात, त्यातले 'बरे झाले' हे पद असे पुन्हा एकदा अपूर्ण ठरते. ज्या कथेला शेवट नाही तिला शोकान्त किंवा सुखान्त करणे दोन्ही खोटे. विनोद तिला शेवटावाचून चालू ठेवू शकतो. फाटक यांच्या हसण्यातील वाङ्मयीन औचित्य येथे आहे. ते धैर्याचे प्रदर्शन म्हणून वाचले, तर त्याचा अर्धा अर्थ हरवतो.

६

तिसरे पुस्तक कोल्हापूरचे आहे. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन रूढ अर्थाने रोगाचे नव्हे. ऐन उमेदीच्या वयात कमरेखालचे शरीर लुळे पडल्यानंतरच्या आयुष्याचे आहे. परंतु मज्जारज्जूच्या अशा विकारात संवेदना हरपलेल्या त्वचेवर जखमा होऊ न देणे, मूत्रमार्गाचा संसर्ग टाळणे, ही दक्षता जन्मभर घ्यावी लागते. त्या अर्थाने प्रस्तुत विषयात ते सामावते.

आधीच्या दोन शीर्षकांशी तुलना केली असता येथे विशेषणच नाही, हे प्रथम जाणवते. खुर्ची साक्षात्कारी नाही, हसरीही नाही. ती चाकाची आहे, एवढेच. साधी वस्तू, साधी षष्ठी. हा साधेपणा पुस्तकाच्या दृष्टिकोनाचा निदर्शक आहे. बंग यांच्या कथनात बदल मुख्यतः माणसाच्या आत घडतो. फाटक यांच्या कथनात तो सांगण्याच्या सुरात घडतो. हुरजूक यांच्या कथनात प्रश्न बाहेरही आहे : दाराची रुंदी किती, पायऱ्या किती, नोकरीच्या जागी आत जाता येते काय. १९८४ साली कोल्हापुरात स्थापन झालेली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था आणि तिचे 'घरौंदा' वसतिगृह ही या प्रश्नाची उत्तरे आहेत. चाकाच्या खुर्चीवरील मुलाला स्वतः दारातून बाहेर जाता आले की त्याला 'बरे वाटते'. त्याचे पाय बरे झालेले नसतात, उंबरा काढलेला असतो.

'वाटणे' हे क्रियापद आतल्या जाणिवेचे खरे, पण ती जाणीव केवळ मनाच्या निर्धाराने निर्माण होत नाही, ही महत्त्वाची दुरुस्ती या पुस्तकातून मिळते. जगण्याचा आस्वाद घेण्याची कुवत माणसात असते. तो घेण्याची सोय मात्र इतरांनी करून द्यावयाची असते. व्याधिग्रस्तास आनंदी राहण्याचा उपदेश करणाऱ्या समाजाने आपले उंबरे मोजले आहेत काय, असा प्रश्न हे शीर्षक आपल्या साधेपणाने विचारते.

७

पाश्चात्त्य समीक्षेत या विषयाचा विचार बराच झालेला आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ सालीच एका निबंधात आजारपण हा साहित्याचा प्रमुख विषय का झाला नाही, असा प्रश्न उपस्थित केला. सुझन सोन्टाग यांनी १९७८ मध्ये क्षय व कर्करोग यांच्याभोवती जमलेल्या रूपकांवर, विशेषतः युद्धाच्या रूपकावर, कठोर टीका केली. आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये व्याधिकथनांचे तीन प्रकार मानले : पूर्ववत् होण्याची कथा, विस्कळीत अनुभवाची कथा आणि शोधाची कथा. या वर्गीकरणानुसार बंग यांचे पुस्तक शोधकथेत सहज बसते. फाटक आणि हुरजूक यांची पुस्तके मात्र तितक्या सहजतेने कोठेच बसत नाहीत. 'चाललंय' या उत्तरात पूर्ववत् होणे नाही, विस्कळीतपणा नाही आणि मोठा शोधही नाही. टिकून राहणे आणि त्यात गोडी असणे एवढेच आहे. आयत्या चौकटीपेक्षा भाषेने दिलेला भेद मराठी पुस्तकांना अधिक उपयोगी पडतो, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, 'बरे वाटणे' यास महत्त्व दिल्याने दैववादाला उत्तेजन मिळेल. त्याचे उत्तर पुन्हा भाषेतच आहे. 'चाललंय' आणि 'चालायचंच' हे एकाच धातूचे दोन प्रयोग. पण दुसऱ्यातील 'च' विचाराचे दार लावून घेतो. 'चाललंय' म्हणणारा औषध घेत असतो, कामावर जात असतो. 'चालायचंच' म्हणणारा दुखणे अंगावर काढतो. चांगले व्याधिकथन पहिल्या प्रयोगातले असते, आणि दोहोंमधील फरक दाखविणे हे समीक्षकाचे काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बरे वाटणे फसवे असू शकते. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. क्षयाच्या रोग्याला काही आठवड्यांच्या उपचारानंतर चांगले वाटू लागते. परंतु साध्या क्षयाचासुद्धा उपचार सामान्यतः सहा महिने चालावा लागतो, आणि तो मध्येच सोडला तर औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवण्याचा धोका असतो. 'आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?' हा प्रश्न म्हणूनच घातक ठरतो. येथे 'वाटणे' हे 'होणे' समजले गेले, ही चूक आहे. आणि 'मात' या शब्दातही नेमकी हीच चूक दडलेली आहे. दोन्ही ठिकाणी चालू असलेली क्रिया संपली असे मानले जाते. म्हणून हा आक्षेप मूळ भेदाला बाधक न होता त्याची गरजच सिद्ध करतो. ज्याला 'मला बरे वाटते, मी बरा झालेलो नाही' ही दोन वाक्ये एकाच वेळी, कोणतेही एक न सोडता, म्हणता येतात, तोच जुनाट व्याधीसह नीट जगू शकतो. उत्तम व्याधिकथन वाचकाला हे दुहेरी वाक्य बोलावयास शिकविते.

८

अखेरीस, या वाङ्मयातील एका मोठ्या रिकाम्या जागेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मराठीत 'आजारपण काढणे' हा प्रयोग दोन अर्थांनी होतो. रोगी स्वतः आजारपण काढतो, आणि त्याची शुश्रूषा करणाराही त्याचे आजारपण काढतो : सासूचे आजारपण सुनेने काढले. एकच क्रियापद दोघांनाही कर्तेपण देते. छापील व्याधिकथनांत यांतील पहिला कर्ताच प्रामुख्याने बोलतो. उशाशी बसणारी, पथ्याचे वेगळे शिजविणारी, औषधाच्या वेळा सांभाळणारी व्यक्ती त्यांत येते ती कृतज्ञतेच्या परिच्छेदापुरती. तिचे कथन बहुधा लिहिलेच जात नाही. आणि ज्यांना लिहिता येत नाही अशा दुखणेकऱ्यांचे तर नाहीच नाही.

ते कथन बोलीत मात्र जिवंत आहे. डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने गारगोटीत उभ्या राहिलेल्या श्री मौनी विद्यापीठाने ग्रामीण जीवन हेच शिक्षणाचे साधन मानण्याचा आग्रह धरला होता. त्या आग्रहाला अनुसरून भुदरगड परिसरातील दुखण्यासंबंधीचे शब्द, वाक्प्रचार आणि आपबीतीच्या हकिकती यांचे संकलन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतले, तर भाषाविज्ञान आणि समीक्षा या दोहोंसही त्याचा लाभ होईल. कोणत्या दुखण्याला कोणते क्रियापद लागते. पुरुष आणि स्त्रिया स्वतःच्या आजाराविषयी एकाच प्रयोगात बोलतात काय. 'बरं हाय' हे उत्तर कोणाला दिले जाते आणि खरी हकिकत कोणापाशी सांगितली जाते. हे प्रश्न प्रत्यक्ष ऐकूनच सुटण्यासारखे आहेत. अशी सामग्री जमेल तेव्हा छापील पुस्तकांचे मूल्यमापनही अधिक न्याय्य होईल. तूर्त एवढी अपेक्षा पुरे की, व्याधिकथनाच्या पुढील परीक्षणात 'मात' हा शब्द लिहिण्यापूर्वी परीक्षकाने डाव खरोखर संपला आहे काय, हे पाहावे. आणि संपला नसेल, तर तो चालू असतानाच लेखकाला काय काय बरे वाटले, त्याची नोंद घ्यावी.